आवाज ऐकायची जागा

गाणं ऐकायचं असलं की आमचे शेजारी वामनराव शेळके रेकॉर्ड पुसतात, टर्नटेबलवर ठेवतात, सुई टेकवतात आणि गाण्याकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहतात. समोरच्या खोलीत दोन स्पीकरांच्या बरोबर समोर एक वेताची खुर्ची आहे. तिची जागा त्यांनी स्वतः सुतळीने मोजून ठरवली आहे आणि पायांभोवती खडूच्या खुणा केल्या आहेत. तिच्यावर पाहुणे बसतात. चार वर्षांत वामनरावांना तिच्यावर बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

चार वर्षं म्हणजे मी वऱ्हाडातल्या चिखलीत त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हापासून. त्याआधी तीस वर्षं मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, आकडे जुळवायचे, विशेषणं काढायची, असं ते काम. वामनराव मला ‘संपादक’ म्हणतात. ही बढती दैनिकाने मला कधी दिली नाही.

वामनरावांचं वय बहात्तर. उंची बेताची, आवाज मोठा, कानावर बारीक पेन्सिल. सकाळी सात ते आठच्या दरम्यान आमच्या मधल्या भिंतीवर त्यांचं डोकं उगवतं.

“संपादक, या लवकर. सापडला.”

चहा हातात असो, दाढीला साबण असो, जावं लागतं. गेलो नाही तर ते चहासकट उचलून नेतील अशी भीती वाटते. पहिल्यांदा ‘सापडला’ ऐकून मी चोर समजलो आणि काठी घेऊन गेलो होतो. सापडला होता तो लोड.

हा लोड काय असतो ते वामनरावांकडूनच ऐकावं.

“हे पाहा. रेकॉर्डच्या खाचीतून सुई चालली. सुईच्या मागं हे कार्ट्रिज. हे म्हणजे बैल समजा. बैल जोर लावते, पण किती, तं एवढासा. मुंगीच्या शिंकेएवढा. आता बैलाच्या मागं वढाले काई तं पाह्यजे का नाई? मशीनीच्या तोंडाशी आपण जे बांधतो, तो लोड. लय हलकी गाडी बांधली तं बैल उधळते, आवाज वरच्यावर नाचते. लय भारी बांधली तं बैल बसते. आन् हा कपॅसिटर म्हणजे मधातला दोर. दोर ढिला का गाडी हिसके घेते. गाडी बराबर, दोर बराबर, मंग पाहा.”

“कंपनीने किती सांगितलाय?” मी विचारलं होतं.

“सत्तेचाळीस हजार ओहम.”

“मग तेवढाच लावा.”

वामनरावांनी माझ्याकडे, लग्नात येऊन जेवण न करता निघालेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. “कंपनीनं माझं घर पाह्यलं का, संपादक?”

त्यांनी मशीनच्या आतला रेझिस्टन्स काढून टाकला आहे आणि मागच्या बाजूला दोन सॉकेटं बाहेर आणली आहेत. वेगवेगळ्या किमतीचे रेझिस्टन्स आणि कपॅसिटर त्यांनी छोट्या छोट्या पिनांना डाग देऊन जोडले आहेत. हवी ती पिन काढायची, हवी ती खुपसायची. या सगळ्या पिना स्टीलच्या गोल मसाल्याच्या डब्यात असतात. हळदीच्या वाटीत सत्तेचाळीस हजारवाले, मोहरीच्या वाटीत शंभर पिकोफॅरडवाले, धन्याच्या वाटीत प्रयोगात जळालेले.

डबा त्यांच्या पत्नीचा, सुमनकाकूंचा. “माह्या मायनं देल्ला होता सोनाळ्याहून,” काकू एकदा मला म्हणाल्या. “एक दिवस पाहतो तं जिऱ्याच्या वाटीत किडे. म्हनलं जिरं खराब झालं. तं हे म्हणतेत, हात लावू नको, ते कपॅशिटर हाय. भाऊ, मी आजकाल तिखट-मीठ हार्लिक्सच्या बाटलीत ठेवतो.” वऱ्हाडात बायकासुद्धा ‘मी ठेवतो’ म्हणतात. पुण्याच्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकून चमकायला होतं. काकूंना पुण्याच्या माणसाचं काही पडलेलं नाही.

प्रत्येक प्रयोगाची नोंद शंभर पानी वहीत होते. चार रकाने. तारीख, रेझिस्टन्स, कपॅसिटर आणि चौथा ‘मागं’. चौथ्या रकान्यात कधी बरोबरची खूण असते, कधी फुली.

“मागं म्हणजे काय?”

“मागं म्हणजे मागं. शेवटच्या माणसाले ऐकू गेलं का नाई ते.” आणि ते त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणाले, “आवाज मशीनीपाशी नाई ऐकू, संपादक. आवाज शेवटच्या माणसापाशी जाऊन ऐका.”

हे वाक्य त्यांच्या धंद्यातून आलेलं आहे. वामनराव मूळचे उंद्रीचे. तिथे त्यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. एक रेकॉर्ड-प्लेअर, एक अँप्लिफायर, एक माईक, दोन बॅटऱ्या, दोन भोंगे आणि रेकॉर्डांची पेटी एवढं सामान घेऊन ते जिल्हाभर लग्नं वाजवायचे. भोंगे निंबाच्या झाडावर चढवले, सुई टेकवली, की वामनराव मशीन सोडून चालायला लागायचे. शेवटच्या पंगतीपर्यंत, तिथून पुढे मंडपाच्या मागे, चुलींपर्यंत.

“वरमाय समोर बसली राह्यते. तिले काय, तिले सगळंच दिसते. मंडपाच्या मागं चुलीपाशी ज्या बाया राह्यतेत, त्याईले लग्न दिसतच नाई. त्याईले ऐकू तरी येऊ द्या.”

सोनाळ्याच्या एका लग्नात ही तत्त्वनिष्ठा अंगाशी आली. गाणी चालू होती आणि मागून एक मुलगी कणकीचे हात घेऊन थेट मशीनपाशी आली. “काऊन हो, तुमचं गानं समोरच्याईलेच हाय का? आमी मांगं सकाळपासून पोळ्या लाटून राह्यलो, आमच्या कानावर काईच नाई.” वामनराव झाडावर चढले आणि त्यांनी एक भोंगा मागे फिरवला. खाली उतरून पाहिलं तर मुलगी अजून उभी. तेव्हा पुन्हा चढून दुसराही फिरवला. नंतर भटजींनी माईक हातात घेतला. मंगलाष्टकं स्वयंपाकाच्या बायकांना खणखणीत ऐकू गेली. मंडपाला अक्षरही नाही. सावधान कधी झालं हे वऱ्हाडी मंडळींना कळेना. अखेर सगळ्या मंडपाने माना वळवल्या आणि मागच्या बायका ज्वारी उधळतील तेव्हा अक्षता टाकल्या. वरबापाने वामनरावांना बिदागी न देता गावाच्या वेशीपर्यंत पोचवलं. पुढच्या वर्षी वामनराव त्याच गावात पुन्हा गेले ते बाशिंग बांधून. मुलगी तीच. सुमन.

“तवापासून यायले भोंगा फिरवाची सवय हाय,” काकू म्हणतात. काकूंची जीभ तिखट आहे आणि हात भाकरीवर बसलेला आहे. ज्वारीची भाकरी थापण्याची अशी लय मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नाही. थापताना त्या ठेक्यात थापतात. गाणं चालू असलं तर गाण्याच्या ठेक्यात. हे मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे कानावर पडलं होतं, एवढंच.

आता ज्या प्रसंगासाठी हा मजकूर लिहितो आहे त्याच्या आधीच्या घटना क्रमाने सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी भिंतीवर डोकं उगवलं आणि ‘सापडला’ऐवजी वेगळा शब्द आला. “लागला.” मी गेलो. वामनरावांनी मला खुर्चीवर बसवलं आणि आपली नेहमीची रेकॉर्ड लावली. शेगावला एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळालेली भजनाची रेकॉर्ड आहे ती. सुरुवातीला गायक नाही, पेटी नाही, मृदंगही नाही. नुसता टाळ. चांगलं पाऊण मिनिट. मग बाकीचे एकेक येतात.

मी संगीतातला जाणकार नाही. पण त्या दिवशी तो टाळ खोलीत होता. पितळेवर पितळ आपटल्यावर जी बारीक धूळ उडाल्यासारखी थरथर होते, ती कानाला दिसत होती. स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. “आता बरं वाजते,” म्हणाल्या. काकूंच्या तोंडून हे प्रमाणपत्र दुर्मीळ. वामनरावांनी गल्लीत पेढे वाटले. पेढे कशाचे असं विचारणाऱ्यांना त्यांनी बैल, गाडी आणि दोर समजावून सांगितला. दोघांनी पेढा परत केला.

यापुढे खरं तर डबा काकूंना परत मिळायला हवा होता. पण चार महिन्यांनी वामनरावांनी ती जुळलेली जोडी काढली. उलट दिशेने प्रयोग सुरू झाले. आधी ते कपॅसिटर कमी करत होते, आता जास्तीचे लावू लागले. दोर ढिला सोडू लागले. आवाज बिघडत गेला. आधी थोडा टोचरा, मग चिरका. भर उन्हात टिटवी ओरडावी तसा टाळ भिंतीपलीकडून माझ्या दाढीच्या पात्यावर यायला लागला. आणि वामनरावांचा उत्साह मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट.

“सापडला, संपादक. कालच्याहून बरा सापडला.”

“कालचा जास्त बरा होता.”

“तुम्ही कुठून ऐकून राह्यले?”

“खुर्चीवरून.”

“तेच तं चुकते तुमचं.” आणि वहीत ‘मागं’च्या रकान्यात खूण.

लागलेला लोड काढला कशाला, हे मी त्यांना तीनदा विचारलं. एकदा म्हणाले, हवा बदलली. एकदा म्हणाले, सुईचं मन बदललं. तिसऱ्यांदा त्यांनी मला चहा दिला. बातमीत कोण, काय, कुठे, कधी आणि का, ही पाच उत्तरं लागतात. माझ्याकडे चार होती. ‘काऊन’ राहिलं होतं.

त्याच सुमारास त्यांचं लक्ष घरातल्या इतर आवाजांकडेही गेलं. दारावरची पाखरासारखी चिवचिवणारी बेल काढून त्यांनी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये असतो तसा जाड आवाजाचा बझर बसवला. पोस्टमन त्याला दचकून एकदा पायरीवरून खाली आला. कुकरच्या शिट्टीला त्यांनी पितळेची नळी जोडली. तेव्हापासून त्यांच्या घरी वरण शिजलं की मालगाडी फाटकातून गेल्यासारखं वाटतं. फाटकाला बैलाच्या गळ्यातली घाट बांधली, म्हणजे मोठी घंटा. काकूंच्या मोबाईलला त्यांनी संबळाची रिंगटोन लावली. मी या सगळ्याची नोंद ‘आवाजाचं वेड वाढत आहे’ या एका वाक्यात मनाशी केली होती. वाक्य नेमकं होतं. अर्थ चुकला होता.

काकूंची तक्रार वेगळीच. “भाऊ, या घरातलं एकेक बिघडूनच राह्यलं. पयले कुकरची शिट्टी बिघडली. मंग बेल. मंग यायचं मशीन. बरं झालं, यायले दुरुस्ती येते.”

गेल्या हिवाळ्यात माझा मावसभाऊ निखिल पुण्याहून शेगावला दर्शनाला आला. निखिल आर्किटेक्ट आहे आणि त्याच्या घरी गाणं ऐकायची वेगळी खोली आहे. भिंतींना गाद्या लावलेल्या. त्या खोलीत चप्पल घालून गेलं तर तो बोलत नाही. शेगावहून तो एक दिवस मला भेटायला येणार होता. मी वामनरावांना सांगितलं की माझा एक भाऊ येतोय, त्याला कार्ट्रिजच्या लोडमधलं कळतं.

वामनराव भिंतीवरून जवळजवळ अलीकडे आले. “कळते म्हणजे किती कळते?”

“तो बदलतो सुद्धा.”

“बदलते?” बहात्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी फक्त निकालाच्या रात्री उमेदवाराच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, तोही अपक्ष निवडून आल्यावर. “संपादक, चिखलीत मी हे कोनासंगं बोलू? भावाले सांगाले गेलो तं तो म्हणते, वामन्या, येड लागलं का बे तुले.”

तीन दिवस तयारी चालली. सुईवरची धूळ उंटाच्या केसांच्या ब्रशने निघाली. मसाल्याच्या वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. खुर्चीच्या खडूच्या खुणा नव्याने आखल्या गेल्या. वही कव्हर घालून टेबलावर आली. काकूंनी सांगितलं, “पाव्हणे जेवूनच जातीन. भाकर, पिठलं आन् ठेचा. पुन्यावाल्याले झेपते का ते विचारा.”

निखिल अकराला आला. बझर वाजला तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. वामनरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि पाणी विचारायच्या आधी विचारलं, “तुमचं कार्ट्रिज किती कपॅसिटर मांगते?”

पुढची पंधरा मिनिटं मी त्या खोलीत नसतो तरी चाललं असतं. निखिलने त्याचं सांगितलं, वामनरावांनी आपलं. बैल, गाडी, दोर ऐकून निखिल मनापासून हसला आणि म्हणाला, “काका, इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नाही.” वामनरावांनी ‘ऐकलं का’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. पिना पाहिल्या गेल्या. वही पाहिली गेली. मग निखिल खुर्चीवर बसला. मी भिंतीला टेकलो. वामनरावांनी सुई टेकवली आणि ते आपल्या जागी, उंबरठ्यावर, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आत काकू भाकरी थापत होत्या.

टाळ सुरू झाला. निखिलच्या कपाळावर तीन आठ्या आल्या. त्याने जबडा आवळला. पाऊण मिनिट त्याने शिष्टाचार पाळला, मग उठला.

“काका, मी एक करून बघू?”

“पाहा ना. तुमचंच घर हाय.”

निखिलने वाकून मशीनच्या मागे पाहिलं. “बापरे. कपॅसिटर तिप्पट झालाय. म्हणून वर सगळं टोचतंय.” त्याने एक पिन काढली. मोहरीच्या वाटीतून दुसरी घेतली, खुपसली. दोन मिनिटांचं काम. सुई पुन्हा सुरुवातीला टेकवली.

दोन वर्षांपूर्वीचा तो टाळ परत आला. पितळ, धूळ, सगळं. मला स्वतःशी कबूल करावं लागलं की गेलं दीड वर्ष मी या आवाजाची वाट पाहत होतो. निखिल डोळे मिटून खुर्चीत मागे रेलला. “आता ऐका,” तो म्हणाला.

वामनराव ऐकतच होते. पण आमच्याकडे पाठ करून, मान थोडी आतल्या बाजूला झुकवून. आणि त्यांच्यामागे असल्यामुळे मला पहिल्यांदाच कळलं की ते टाळ ऐकत नव्हते. ते भाकर ऐकत होते.

भाकरीचा ठेका चुकला होता. थाप, थाप, मग बराच वेळ काही नाही. मग एक थाप.

“अवो,” काकूंचा आवाज आला, “बंद पडलं का?”

खोलीत टाळ वाजत होता.

निखिलने डोळे उघडले. “नाही काकू, आत्ता कुठे खरं—”

वामनरावांनी वळून हात वर केला. पंगतीत आणखी नको म्हणताना करतात तसा, तळहात खाली. निखिल थांबला. वामनराव मशीनपाशी आले. मोहरीतली पिन काढली, मघाची लावली, सुई मागे घेतली.

“हाव, बंद पडलं होतं,” ते मोठ्याने म्हणाले. “पाव्हण्याच्या हातानं लोड सुटला. लावतो.”

टिटवी ओरडली. वामनराव उंबरठ्यावर गेले. दोन-तीन थापा इकडेतिकडे झाल्या आणि मग भाकर टाळाच्या ठेक्यात पडू लागली. बरोबर ठेक्यावर, एकही न चुकता. मृदंग यायला अजून अवकाश होता. वामनरावांनी कानावरची पेन्सिल काढून चौथ्या रकान्यात खूण केली.

ते आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा रोज सकाळी भिंतीवर उगवतो तसाच होता. फक्त ‘सापडला’ म्हणाले नाहीत.

आम्ही तिघे घराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो. आत गाणं चालू होतं. हळू बोलायची काही गरज नव्हती, तरी वामनराव हळू बोलले.

“तिच्या मायचे कान गेल्ते. सोनाळ्याले ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहे म्हातारी. लोकं तिच्यासंगं बोलनं सोडून तिच्यासमोर तिच्याबद्दलच बोलत. लग्न झालं तवा सुमन मले म्हणे, मी मायसारखी झालो तं मले सांगू नका. म्या हो म्हनलं.”

“कानाचं मशीन मिळतं, काका,” निखिल म्हणाला. “आता फार चांगली आलीत.”

“विचारलं ना. एका शेजारच्या बाईसाठी म्हणून विचारलं तिले, का बाईचे कान कमी झाले, तिले मशीन आनून द्यावं का. तं म्हणे, द्या आनून, पन त्या बाईले कायचं मशीन हाय ते सांगू नका.” वामनराव थोडं हसले. “आता कानाचं मशीन न सांगता कसं लावाव? म्हनून मी हे मशीन धरलं. पयले बारीक आवाज जातेत. सगळ्यात पयले टाळ गेला. मांगच्या साली उन्हाळ्यात भाकर चुकाले लागली तवा मले समजलं. आता तिची समज अशी हाय का मशीन बिघडते आन् मी दुरुस्त करतो. सहा महिन्याले थोडा कपॅसिटर वाढवा लागते.”

“आणि वाढवून भागलं नाही तर?” मी विचारलं. तीस वर्षांची सवय.

“तवाचं तवा पाहू,” वामनराव म्हणाले. “आज तं टाळ पोचला.”

कुकरची शिट्टी, बझर, घाट, संबळ, वही. माझ्याजवळ सगळे तपशील दीड वर्षापासून होते. एकही चुकीचा नव्हता. मी फक्त खुर्चीवर बसून ऐकत होतो.

आतून हाक आली. “या जेवाले. भाकर निवून राह्यली.”

पानं मांडली होती. काकूंनी निखिलच्या पानात मघाशी ठेक्यात थापलेली भाकर वाढली आणि त्याच्या समोर बसल्या. त्याच्या तोंडाकडे नीट पाहत, आता तो काय बोलतो ते पाहत असल्यासारख्या.

“काऊन हो पाव्हणे, तुमच्या पुन्याच्या मशिनी असंच हळू वाजतेत का? मघाशी तुम्ही हात लावला आन् टाळच गेला.”

मी निखिलला लहानपणापासून ओळखतो. कॅरममध्ये सोंगटी एक सूत हलली तरी तो डाव मोडायचा. एखाद्याच्या घरी स्पीकर भिंतीला चिकटलेला दिसला तर यजमानाला न विचारता ओढून घेतो. आवाजाच्या बाबतीत त्याने आजवर कुणालाही, स्वतःच्या सासऱ्यांनाही, सूट दिलेली नाही. त्याने घास खाली ठेवला. वामनराव पिठल्याकडे पाहत होते.

“हो काकू,” निखिल जरा मोठ्याने म्हणाला. “आमच्याकडे लोड नीट लावताच येत नाही कुणाला. म्हणून तर काकांकडे शिकायला आलो.”

“तं मंग शिका,” काकू म्हणाल्या. “अवो, शिकवा त्याईले. पन त्याईच्या बायकोचा मसाल्याचा डबा नका मांगू.”

वामनरावांना ठसका लागला. ठेच्याने, असं ते म्हणाले.

निखिल तीनला निघाला. फाटकातली घाट वाजली, काकूंनी आतून विचारलं, “गेले का पाव्हणे?” गाडीत बसताना तो मला म्हणाला, “त्यांना माझ्याकडे चांगल्या प्रतीचे कपॅसिटर आहेत ते पाठवतो. वाढवायचाच आहे तर निदान नीट वाढू दे.” आठ दिवसांनी पार्सल आलं. काकूंच्या डब्यात आता मेथीची वाटीही भरली आहे.

या मजकुरातली नावं खरी नाहीत आणि गावांपैकी एक गाव मी बदललं आहे. कोणतं ते सांगत नाही. तीस वर्षांत मुद्दाम तपशील चुकवण्याची ही पहिलीच वेळ. काकू रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात आणि त्यांचे डोळे उत्तम आहेत.

आज सकाळीही भिंतीवर डोकं उगवलं. “संपादक, या लवकर. सापडला.”

मी चहा घेऊन गेलो. वेताची खुर्ची आपल्या खडूच्या खुणांमध्ये रिकामी होती. तिला वळसा घालून मी वामनरावांशेजारी उंबरठ्यावर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला थोडी जागा करून दिली. मागे टाळ चिरकत होता. आम्ही दोघे गाण्याकडे पाठ करून भाकर ऐकत होतो.